गोडवायचे जहाज : राजाचे दान आणि समुद्राची साक्ष

बौद्ध धम्माच्या प्राचीन इतिहासाचा विचार करू लागले की महाराष्ट्रातील अभ्यासकाची दृष्टी साहजिकच डोंगराकडे वळते. कार्ले, भाजे, जुन्नर, नाशिक, कान्हेरी, अजिंठा ही नावे आपल्या ओठांवर असतात. तेथील चैत्य, विहार, पाण्याच्या पोढी आणि ब्राह्मी लेख यांवर शेकडो पृष्ठे लिहिली गेली आहेत. तथापि या लेण्यांना दान देणारा माणूस डोंगरात राहत नव्हता. तो घाटवाटेने बंदराकडे उतरत होता, बंदरात जहाजावर चढत होता आणि कित्येकदा परतही येत नव्हता. खडकावर कोरलेली अक्षरे आपण वाचली. पाण्यात बुडालेल्या माणसांचा वृत्तांत मात्र आपल्या वाचनात क्वचितच येतो.

प्रस्तुत लेखात आम्ही अशाच एका बुडालेल्या जहाजाचा विचार करणार आहोत. हे जहाज महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरचे नाही. ते श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावर, हंबनटोटा जिल्ह्यातील गोडवाय या गावासमोर समुद्रतळाशी आहे. हिंदी महासागरात आजवर सापडलेल्या जहाजांत ते सर्वांत प्राचीन मानले जाते. या जहाजाच्या निमित्ताने एक प्रश्न आम्हांला वाचकांपुढे ठेवावयाचा आहे. विहाराला राजा जेव्हा दान देतो, तेव्हा ते दान वस्तुतः कोणाचे असते?

खडकावरचा लेख

वलवे गंगा ही नदी श्रीलंकेच्या दक्षिणेस समुद्राला मिळते. तिच्या मुखापासून जवळच किनाऱ्यालगत खडकाळ टेकडी आहे आणि टेकडीवर प्राचीन विहार आहे. येथील खडकावर ब्राह्मी लिपीत आणि जुन्या सिंहली प्राकृतात एक लेख कोरलेला आहे. तो इ. स. दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात राज्य करणाऱ्या पहिल्या गजबाहू राजाच्या काळातील मानला जातो. लेखात या स्थळाचे नाव ‘गोडपवत’ असे आले आहे. ‘पवत’ म्हणजे पालीतील ‘पब्बत’, आपला पर्वत. त्यापुढे ‘पटन’ हा शब्द आहे. पालीतील ‘पट्टन’ आणि मराठीतील ‘पट्टण’ यांच्याशी तो सगोत्र आहे, अर्थ बंदर. या बंदरात जमा होणारे शुल्क राजाने विहाराला दिले, असा लेखाचा आशय आहे.

लेख लहान आहे, पण त्याचे मोल मोठे आहे. एक तर गोडवाय हे त्या काळी केवळ मासेमारीचे गाव नव्हते, तेथे राजसत्तेकडून शुल्क गोळा केले जाईल एवढा व्यापार चालत होता, हे त्यावरून सिद्ध होते. दुसरे असे की, विहाराचे उत्पन्न समुद्रावर अवलंबून होते. विहारातील दिवा, भिक्खूंचे चीवर, पावसाळ्यातील निवासाची डागडुजी या सर्वांचा खर्च बंदरात लागणाऱ्या जहाजांच्या मालातून निघत होता. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात जर्मन आणि श्रीलंकेच्या पुरातत्त्वज्ञांनी येथे संयुक्त उत्खनने केली आणि बंदराच्या प्राचीनतेला जमिनीवरील पुरावाही मिळाला.

लेखात राजाचे पुण्य नोंदलेले आहे. शुल्क ज्यांच्या मालावर बसले, त्यांच्याविषयी मात्र लेख मौन आहे. नावाडी कोण होते, माल कोणी घडवला, तो कोणत्या किनाऱ्यावरून निघाला, यांपैकी काहीच खडक सांगत नाही. ते सांगणारा साक्षीदार त्याच टेकडीसमोर काही किलोमीटर अंतरावर पाण्याखाली पडून होता आणि त्याची साक्ष घेण्यास कोणी खाली उतरले नव्हते.

शंख काढणाऱ्यांची नजर

इ. स. २००३ मध्ये याच किनाऱ्यावरील दोन पाणबुड्यांना समुद्रतळाशी एक चमत्कारिक दगड दिसला. शंख आणि मासे यांसाठी बुडी मारणे हा त्यांचा पोटापाण्याचा व्यवसाय. खडक कोणता आणि हाताने घडवलेला दगड कोणता, हे ओळखायला त्यांना पदवीची गरज नव्हती. दगडाला चार पाय होते आणि अंगावर चिन्हे कोरलेली होती. तो वर आणला गेला आणि पुढे पुरातत्त्वज्ञांच्या दृष्टीस पडला.

त्यानंतरची वाटचाल सोपी नव्हती. डिसेंबर २००४ मधील त्सुनामीत गॉल येथील सागरी पुरातत्त्व केंद्राची प्रयोगशाळा आणि साहित्य उद्ध्वस्त झाले. तेथील संशोधकांनी पुन्हा उभारणी केली आणि काही वर्षांनी त्याच स्थानिक पाणबुड्यांच्या साहाय्याने ते गोडवायच्या समुद्रतळाशी पोचले. पुढे अमेरिकेतील नौकापुरातत्त्व संस्थेचे संशोधकही या कामात सहभागी झाले आणि २०१२ पासून काही हंगाम येथे पद्धतशीर उत्खनन झाले. आपल्या गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांचाही येथील अवशेषांच्या अभ्यासात वाटा आहे. त्यांनी श्रीलंकेच्या संशोधकांसह लिहिलेला शोधनिबंध २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला.

सागरी पुरातत्त्वाच्या इतिहासात असे वारंवार घडले आहे. तुर्कस्तानातील केप गेलिडोनिया येथील कांस्ययुगीन जहाजाचा पत्ता स्पंज काढणाऱ्या पाणबुड्यांकडून मिळाला. १९६० मध्ये जॉर्ज बास यांनी तेथे स्वतः समुद्रतळाशी उतरून जमिनीवरील उत्खननाच्या शिस्तीने काम केले आणि या विद्येचा पाया घातला. त्याच किनाऱ्यावरील उलुबुरुन येथील जहाजही १९८२ मध्ये एका स्पंज काढणाऱ्यालाच दिसले. इंडोनेशियातील बेलितुंग बेटाजवळचे नवव्या शतकातील जहाज १९९८ मध्ये समुद्रकाकडी गोळा करणाऱ्यांना आढळले. विद्वानांच्या ग्रंथांची पहिली ओळ अनेकदा श्रमिकांच्या हातून लिहिली गेली आहे, ही गोष्ट आपण विसरता कामा नये. गोडवायच्या शोधाच्या वृत्तांतांत त्या दोघा पाणबुड्यांच्या कार्याची नोंद झाली आहे, हे समाधानाचे आहे.

समुद्रतळाशी वीस मिनिटे

गोडवायचे जहाज सुमारे ३३ मीटर खोलीवर आहे. जमिनीवर हे अंतर दहा मजली इमारतीएवढे; चालत गेल्यास अर्ध्या मिनिटाचे. पाण्यात मात्र ते निराळ्या जगाचे अंतर ठरते. तेथे काम कसे चालते हे थोडे समजून घेतले पाहिजे, कारण पुराव्याचे मोल तो मिळवण्याच्या कष्टावरूनही कळते.

पाण्यात दर दहा मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो. ३३ मीटरवर पाणबुड्याच्या शरीरावर पृष्ठभागाच्या चौपटीहून अधिक दाब असतो. पाठीवरील नळकांड्यात शुद्ध प्राणवायू भरलेला असतो असा सार्वत्रिक समज आहे, पण तो खरा नाही. सामान्यतः त्यात आपण श्वासात घेतो तीच हवा दाबून भरलेली असते. १९४३ मध्ये फ्रान्समध्ये जॅक-इव्ह कुस्टो आणि एमिल गान्यां यांनी तयार केलेल्या झडपेमुळे ही हवा भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्या दाबाने पाणबुड्याला मिळू लागली आणि माणूस दोरीवाचून, नळीवाचून समुद्रतळाशी वावरू लागला. या साधनसंचालाच स्कूबा म्हणतात. परंतु दाब चौपट झाला की नळकांडे चौपट वेगाने रिकामे होते. शिवाय हवेतील नायट्रोजन रक्तात आणि ऊतींत विरघळतो. पाणबुड्या घाईने वर आला तर सोडाबाटली उघडल्यावर बुडबुडे उठावेत तसे शरीरात बुडबुडे उठतात. त्यामुळे सांधे धरतात, अर्धांगवायू होतो, प्रसंगी मृत्यू येतो. म्हणून या खोलीवर एका बुडीत जेमतेम वीस मिनिटांच्या आसपास काम करावयाचे आणि वर येताना ठरलेल्या ठिकाणी थांबत यावयाचे, असा दंडक असतो. इतक्या खोलीवर नायट्रोजनचा मेंदूवरही परिणाम होतो. बुद्धीला मांद्य येते, साधी बेरीज चुकते. लाल रंग तर वरच्या काही मीटरांतच लोपलेला असतो. दिवा लावल्याशिवाय तळाशी सारे निळसर करडे दिसते.

एक हिशेब मांडून पाहू. दहा पाणबुड्यांनी दिवसातून दोनदा, प्रत्येक वेळी वीस मिनिटे काम केले, तर सर्वांची मिळून ४०० मिनिटे होतात. म्हणजे सुमारे पावणेसात तास. जमिनीवरील उत्खननात एक मजूर एका दिवसात जेवढा वेळ खणतो तेवढाही हा वेळ नाही. त्या वेळेत वाळू हळूहळू हटवावयाची, प्रत्येक वस्तूचे स्थान मोजावयाचे, पाण्यात न विरघळणाऱ्या पत्र्यावर पेन्सिलीने आराखडा काढावयाचा, छायाचित्रे घ्यावयाची. वस्तू उचलण्यापूर्वी तिचे स्थान नोंदले गेले नाही, तर ती वस्तू उरते पण तिचा इतिहास जातो. गोडवायला प्रवाहाचा जोर आणि नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात खवळणारा समुद्र यांची भर पडते. वर्षातील थोडेच आठवडे कामाला मिळतात.

वस्तू वर आणल्यानंतरही काम संपत नाही. दोन हजार वर्षे खाऱ्या पाण्यात राहिलेले लाकूड हवेत वाळू दिले तर ते आक्रसून फुटते. लोखंडावर मीठ आणि चुन्याचे कवच चढलेले असते. या वस्तू महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे, पाण्यात ठेवून त्यांतील मीठ काढावे लागते. जो उचलतो त्याने हा भार पत्करलाच पाहिजे.

मालाची साक्ष

समुद्रतळाशी अखंड जहाज उभे असेल अशी कल्पना कोणी करू नये. लाकूड पोखरणारे समुद्रजीव उघडे लाकूड फार काळ टिकू देत नाहीत. गोडवायला दिसतो तो एक उंचवटा. लोखंडाचा माल गंजून एकजीव झाला आहे आणि त्याची जणू एक मोठी शिळाच बनली आहे. तिच्या आश्रयाने लाकडाचे काही अवशेष राहिले. त्यांच्या कार्बनमापनावरून जहाजाचा काळ साधारणपणे इ. स. पू. दुसरे ते इ. स. पहिले शतक असा येतो. महाराष्ट्रात सातवाहनांची सत्ता रुजत होती आणि भाजे, कार्ले येथे छिन्नी चालत होती, तो हा काळ.

लोखंडाखेरीज येथे मिळाल्या त्या काचेच्या लाद्या. वरून सपाट, खालून फुगीर, हातात मावतील अशा गोल लाद्या. या काही वापरावयाच्या वस्तू नव्हेत. हा कच्चा माल आहे. काच बनवणारा एका ठिकाणी तिच्या लाद्या ओततो, त्या दूर कारागिराकडे जातात, तो त्या वितळवून मणी आणि बांगड्या करतो. उलुबुरुनच्या जहाजावरही काचेच्या सुमारे पावणेदोनशे लाद्या होत्या; ते जहाज याहून सुमारे तेरा शतके जुने. गोडवायच्या काचेची रासायनिक घडण दक्षिण आशियातील काचेची आहे. प्राचीन व्यापार म्हटला की रोमचे सोने आणि रोमची सुरा यांचेच वर्णन करण्याची सवय आपल्याला लागली आहे. या जहाजावरील मालाने त्या सवयीला शह दिला. येथे आपल्याच भागातील कारागिरांचा माल आपल्याच भागातील किनाऱ्यांमध्ये हिंडत होता.

मातीची मोठी रांजणे, काळ्या-तांबड्या भांड्यांचे तुकडे हेही येथे आहेत. आणि आहेत ते पायांचे दगडी पाटे, ज्यांपैकी एकाने हा सारा शोध सुरू झाला. मराठी वाचकाला या वस्तूची ओळख करून देण्याची गरज नाही. चार आखूड पायांवर उभा असलेला, वरून घासून सपाट केलेला दगडी पाटा नेवासे आणि तेर येथील सातवाहनकालीन थरांतून पुष्कळ मिळाला आहे. अशा पाट्याचा नमुना दख्खनपासून श्रीलंकेपर्यंत पसरलेला असावा, आणि तो जहाजाने नेण्याइतकी त्याला मागणी असावी, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. पाटा ही राजवाड्यातील मिरवण्याची वस्तू नव्हे. ती स्वयंपाकघरातील, वैद्याच्या किंवा सुगंधी द्रव्ये करणाऱ्याच्या घरातील वस्तू आहे. इतिहासाला असा पुरावा सहसा मिळत नाही.

चिन्हांविषयी सावधगिरी

प्रथम सापडलेल्या त्या पाट्यावर तीन चिन्हे कोरलेली आहेत : श्रीवत्स, नंदिपद आणि मत्स्य. आपल्या लेण्यांत नंदिपद पाहिलेला वाचक लगेच म्हणेल की, हे जहाज बौद्धांचे होते. आम्हांलाही तसे म्हणावयास आवडले असते. परंतु आवडीला पुराव्याच्या जागी बसवणे हे इतिहासाच्या अभ्यासकाला शोभत नाही. नंदिपद आणि श्रीवत्स ही मंगलचिन्हे त्या काळी बौद्ध वास्तूंवर जशी येतात तशी जैन शिल्पांत आणि राजांच्या नाण्यांवरही येतात. ती समाईक होती. त्यांवरून एवढेच म्हणता येते की, बौद्ध विहारांच्या भिंतींवर जी चिन्हांची भाषा होती, तीच भाषा बाजारात विकावयाच्या पाट्यावरही होती.

त्याचप्रमाणे, या जहाजाने गोडपवतच्या विहाराला शुल्क दिले असेही म्हणता येत नाही. गजबाहूचा लेख जहाजाच्या नंतरचा आहे. जहाज बंदरात येत होते की बंदरातून निघाले होते, हाही प्रश्न खुला आहे. मग या दोहोंचा संबंध काय? संबंध असा की, ज्या प्रकारच्या व्यापारावर राजाने पुढे शुल्क बसवून ते विहाराला लावून दिले, त्या व्यापाराचे प्रत्यक्ष शरीर आपल्याला येथे दिसते. लेखातील ‘शुल्क’ या एका शब्दामागे लोखंडाचे गज होते, काचेच्या लाद्या होत्या, पाटे होते, ते घडवणारे हात होते आणि ते वाहून नेताना बुडण्याची जोखीम पत्करणारे नावाडी होते. आमच्या पुराणांतरी भव्य पूर्वज शोधणाऱ्यांच्या मार्गाने आपण जाऊ नये. एवढे निश्चित सत्य हाती आले, तेही थोडे नाही.

समुद्र आणि माणसाची प्रतिष्ठा

समुद्रावर जाणाऱ्या माणसाकडे त्या काळातील समाज कसा पाहत होता? धर्मशास्त्रांतून याचे उत्तर स्पष्ट मिळते. बौधायन धर्मसूत्राने पतन घडवणाऱ्या कर्मांच्या यादीत समुद्रप्रवास आरंभीच घातला. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात श्राद्धाच्या पंक्तीला बसवू नयेत अशांची यादी आहे; तीत समुद्रावर जाणारा आहे आणि त्याच श्लोकात तेलीही आहे. समुद्रावर जाणारा आणि घाण्यावर राबणारा, दोघेही पंक्तीबाहेर. उत्तरेकडील लोक समुद्रप्रवास करतात हे बौधायनानेच अन्यत्र नमूद केले आहे. म्हणजे निषेध होता आणि निषेध मोडलाही जात होता. परंतु मोडणाऱ्याच्या वाट्याला प्रतिष्ठा येत नव्हती.

बौद्ध वाङ्मयात याच्या उलट चित्र दिसते. जातककथांत खुद्द बोधिसत्त्व नावाडी होतो. सुप्पारक जातकातील तो अंध नौकाचालक आपल्या अनुभवाच्या बळावर व्यापाऱ्यांना संकटातून परत आणतो. महाजनक जातकात जहाज फुटल्यावर नायक देवाचा धावा करीत बसत नाही, तो पोहत राहतो. त्याचा पुरुषार्थ हाच कथेचा विषय आहे. सोपाऱ्याच्या पूर्णाची कथा तर आपल्या मातीतील. समुद्रव्यापार करणारा हा पूर्ण भिक्खू झाला, आणि संकटात सापडलेल्या आपल्या भावाचे जहाज त्याने वाचवल्याचा प्रसंग अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात रंगवलेला आहे.

कथा बाजूला ठेवून प्रत्यक्ष प्रवाशाची साक्ष पाहू. चिनी भिक्खू फाहियान श्रीलंकेत दोन वर्षे राहून सुमारे इ. स. ४११ मध्ये मायदेशी निघाला. दोनशेहून अधिक माणसे असलेल्या त्या जहाजाला वादळात भोक पडले. व्यापारी आपला माल समुद्रात टाकू लागले. फाहियानने आपला जलपात्र आणि हातपाय धुण्याचे भांडेही टाकून दिले. जमवलेले ग्रंथ आणि मूर्ती कोणी फेकून देईल याची त्याला धास्ती होती. ते संकट टळले. पुढच्या टप्प्यात तो दुसऱ्या जहाजावर होता. पुन्हा वादळ आले. तेव्हा जहाजावरील ब्राह्मणांनी विचार केला की, या श्रमणाला बरोबर घेतल्यामुळेच आपल्यावर हे अरिष्ट आले. त्याला एखाद्या बेटावर उतरवून द्यावे. फाहियानच्या एका आश्रयदात्याने निक्षून सांगितले की, याला उतरवणार असाल तर मलाही उतरवा, आणि चीनला पोचल्यावर मी हे राजाच्या कानी घालीन. तेव्हा कुठे तो बेत राहिला. समुद्रबंदीचे शास्त्र सांगणाऱ्या वर्णाचे लोकही समुद्रावर होते, आणि वादळाचे खापर फोडण्यासाठी माणूस शोधण्याची रीतही त्यांनी बरोबर नेली होती, हे या वृत्तांतावरून ध्यानात येते.

ऐच्छिक दान आणि आज्ञेचे दान

आता आपल्या लेण्यांकडे परत येऊ. कुडे येथे करहाकड म्हणजे आजच्या कऱ्हाडच्या एका लोखंडाच्या व्यापाऱ्याने लेणे दिले. कान्हेरीला कल्याणच्या एका लोहाराने वाट बांधून दिली. कार्ल्याच्या चैत्याचे प्रवेशद्वार धेनुकाकटच्या सुताराने केले. कान्हेरीच्या दात्यांत ‘सागरपलोगन’ असा शब्द येतो. तो समुद्रावर व्यापार करणाऱ्यांचा वाचक असल्याचे अभ्यासक मानतात. या माणसांनी स्वतःच्या कमाईतून, स्वतःच्या इच्छेने दिले आणि स्वतःच्या नावाने खडकावर उभी राहिली. ज्यांना श्राद्धाच्या पंक्तीत जागा नव्हती त्यांना विहाराच्या भिंतीवर जागा मिळाली.

गोडवायचा लेख याहून निराळा आहे. शुल्क हे ऐच्छिक दान नव्हे. नावाड्याला ते देणे भाग होते. राजाने ते गोळा केले, विहाराला दिले आणि पुण्याची नोंद राजाच्या नावे झाली. यात विहाराला दोष देण्याचा आमचा हेतू नाही. व्यापाऱ्यांना, प्रवाशांना, दर्यावर्दी लोकांना विहारांचा आधार होता आणि विहारांना त्यांचा. तथापि दोन प्रकारच्या दानांत जे अंतर आहे ते झाकू नये. कान्हेरीत देणारा बोलतो. गोडवायला देणारा मुका आहे. त्याच्या वतीने आज समुद्रतळावरचा पाटा बोलतो.

विनयपिटकात दुसऱ्या पाराजिकाच्या विवरणात अदिन्नादानाची, म्हणजे न दिलेले घेण्याची, जी उदाहरणे आहेत, त्यांत शुल्क चुकवणे हेही येते. शुल्काला पालीत ‘सुंक’ म्हणतात. शुल्क बसणारी वस्तू चुकवून नाक्यापलीकडे नेणारा भिक्खू चोरीचा दोषी ठरतो. म्हणजे व्यापाऱ्यांबरोबर प्रवास करणाऱ्या संघाला नाक्यावरचे व्यवहार ठाऊक होते आणि त्याबाबत त्याची शिस्त कडक होती.

न दिलेले घेऊ नये

हाच नियम बुडालेल्या जहाजालाही लावला पाहिजे, असे आम्हांला वाटते. बेलितुंगच्या ज्या जहाजाचा वर उल्लेख केला, त्यावर सुमारे साठ हजार वस्तू होत्या, बहुतेक तांग काळातील चिनी भांडी. त्यांतील एका वाडग्यावर इ. स. ८२६ शी जुळणारी तारीख आहे. हा ठेवा एका व्यापारी कंपनीने वर काढला आणि २००५ मध्ये तो सिंगापूरने सुमारे ३२ दशलक्ष डॉलरना विकत घेतला. ठेवा एकत्र राहिला हे खरे; पण घाईने माल काढताना जहाजाच्या रचनेची जी माहिती गेली ती कोणत्याही किमतीला परत येणार नाही. या कारणावरून वॉशिंग्टनमध्ये भरावयाच्या त्याच्या प्रदर्शनाला पुरातत्त्वज्ञांनी हरकत घेतली आणि २०११ मध्ये ते स्थगित झाले. युनेस्कोने २००१ मध्ये पाण्याखालील सांस्कृतिक वारशाविषयी करार स्वीकारला आणि तो २००९ पासून अमलात आला. शंभर वर्षे पाण्याखाली असलेल्या अवशेषांचा व्यापार करू नये आणि शक्यतो ते होते तेथेच राखावेत, ही त्यातील मुख्य सूत्रे. पंचशीलाचे दुसरे शील ज्याने घेतले आहे, त्याला ही सूत्रे परकी वाटणार नाहीत.

श्रीलंका आपल्याला दूरचा देश नाही. महावंसाप्रमाणे विजय लंकेला पोचण्यापूर्वी सुप्पारकाला उतरला होता. मे १९५० मध्ये बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी त्याच बेटावर गेले होते. ते सुप्पारक म्हणजे आजचे नालासोपारा. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उंचवट्याचे उत्खनन करून तेथील स्तूप उजेडात आणला. सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा एक तुकडा तेथे त्याच वर्षी आणि दुसरा १९५६ मध्ये मिळाला. आज तेथील खाडी गाळाने भरली आहे आणि बंदराभोवती दाट वस्ती उभी आहे. सोपारा, कल्याण, चौल येथून निघालेली जहाजे सारीच सुखरूप पोचली असतील असे नाही. तरीही आपल्या पश्चिम किनाऱ्यावर त्या काळातील एकाही जहाजाचे समुद्रतळाशी उत्खनन झालेले नाही.

हे काम होईल तेव्हा त्याची पहिली खबर बहुधा एखाद्या कोळी बांधवाच्या जाळ्यातून येईल. पायांचा पाटा, दगडी नांगर, काचेची गोल लादी असे काही जाळ्यात आले, तर ते विकू नये, तोडू नये, जागेची खूण ध्यानात ठेवावी आणि पुरातत्त्व खात्याला कळवावे, एवढी जाणीव किनाऱ्यावरील आपल्या विहारांतून आणि वाचनालयांतून पसरवता येईल. आपल्या तरुण अभ्यासकांपैकी काहींनी पालीबरोबर पोहणे आणि बुडी मारणेही शिकावे, अशी आमची इच्छा आहे. खडकावरचे वाचण्यास जशी लिपी यावी लागते, तसे पाण्याखालचे वाचण्यास हे यावे लागते.

गोडवायचा तो पाटा कोण्या घरी पोचावयाचा होता. तो पोचला नाही. त्या घरातील माणसाचे नाव, तो घडवणाऱ्याचे नाव, तो नेणाऱ्याचे नाव कोणत्याही खडकावर नाही. विहाराच्या दिव्यात मात्र अशाच पाट्यांच्या, अशाच काचेच्या आणि लोखंडाच्या शुल्काचे तेल जळत होते. दानाचा इतिहास लिहिताना राजाच्या नावाबरोबर त्यांचीही आठवण ठेवली, तरच तो इतिहास खरा होईल.